सुकी बाजू

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. एका पायावर गर्रकन वळायचं आणि चेंडू भलत्याच दिशेला काढायचा, ही तिची लहानपणापासूनची खोड. त्यावरून ताईने तिला भिंगरी म्हटलं, आणि मग आईबाबांपासून मैदानाच्या फाटकावरच्या राखणदारापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. ताईला मात्र सगळे नुसतं ताई म्हणायचे, तिच्याहून मोठ्या पोरीसुद्धा. काही माणसं जन्मतःच थोरली असतात, त्यांना त्याबद्दल कोणी विचारत नाही.

त्यांची आई राहत्या इमारतीचेच जिने आणि व्हरांडे पुसायच्या कामावर होती. ती बादली घेऊन वरच्या मजल्यावर चढली की तळमजल्याचा लांब बोळ दोघी बहिणींचा. अर्धी फरशी नुकतीच पुसलेली, अर्धी वाळलेली. ओल्या फरशीवर चेंडू सुसाट सुटायचा आणि टोकाच्या दारावर जाऊन आदळायचा. त्या दारामागे रात्रपाळी करून आलेला एक कंपाउंडर झोपलेला असायचा, आणि त्याची झोप मोडली की तो थेट मालकाकडे जायचा. आईची नोकरी त्या दारावर टांगलेली होती म्हणा ना. म्हणून ताईने शिस्त घालून दिली. चेंडू मागताना ती दबक्या आवाजात सांगायची, "ओलं," किंवा "सुकं." ओलं म्हटलं की पास हळू, सुकं म्हटलं की जोरात. आणि चेंडू अगदी दारापर्यंत जाणार असं दिसलं, तर भिंगरी तो खालून कापायची, म्हणजे पायाची बोटं चेंडूच्या बुडाशी अशी घासायची की तो उलटा फिरत जायचा आणि दाराच्या अलीकडेच मरून पडायचा. हे कापणं तिला कोणी शिकवलं नव्हतं. कंपाउंडरच्या भीतीने ते आपोआप आलं.

पुढे दोघी गावच्या मुलींच्या फुटबॉल संघात गेल्या तेव्हाही ही भाषा सुटली नाही. ताई डाव्या कडेने धावायची आणि भिंगरी मधे खेळायची. खेळ सुरू होण्याआधी दोघी वाकून गवतावर तळहात टेकायच्या, आणि मग सगळा वेळ ताईचं ओलं-सुकं चालायचं. समोरच्या संघाला वाटायचं, ही पोरगी धोब्याची असेल. लोक यायचे ते ताईची धाव बघायला. तिला चेंडू कोण देतं, हे त्यांना घरी गेल्यावर आठवायचं. भिंगरीला याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटायचं, पण भूक लागल्यासारखं, जेवलं की विसरायला होईल इतपतच. शिवाय घरी आल्यावर ती पायातले मोजे ओढून, उलटे, गोळा करून टोपलीत भिरकावायची आणि ताई शिव्या घालत ते सुलटे करून भिजवायची. ज्या बहिणीचे मोजे आपण सुलटे करतो तिचा हेवा करायला फुरसत मिळत नाही, असं ताई म्हणायची. उलट्या बाजूने ते खरं आहे का, हे तिने कधी विचारलं नाही.

शहरात बायकांचा एक मोठा संघ होता, पगारी. तो दरवर्षी निवड चाचणी घ्यायचा आणि एक मुलगी उचलायचा. त्या संघाच्या प्रशिक्षक बाईला पोरी पाठीमागे सुई म्हणायच्या, कारण ती बारीक होती, सरळ होती आणि जिथे जाईल तिथे टोचायची. सुईची चाचणी घ्यायची एक पद्धत होती. खेळताना कोणी अवाक्षर काढायचं नाही. हाक नाही, खूण नाही, चेंडू मागायचा नाही. "तोंडं बंद, डोळे उघडे," ती म्हणायची. "कोण बघतं आणि कोण नुसतं ऐकतं, ते मला पाहायचंय. जी बोलेल ती घरी जाईल."

ताई आणि भिंगरी दोघी त्या चाचणीला गेल्या. आदल्या दिवशीच ठरलं होतं, जिचं होईल तिचं होईल, दुसरीने रडायचं नाही. असली वचनं द्यायला फार सोपी असतात.

मैदानाला दोन्ही लांब कडांनी पाण्याचे फवारे होते. त्या दिवशी एका कडेचे बंद पडले होते. त्यामुळे एका बाजूचं गवत ओलंगार आणि दुसऱ्या बाजूचं सुकं खडखडीत. पहिल्या अर्ध्या डावात ताईची डावी कड ओल्या बाजूला आली. दोघींनी सवयीने तळहात टेकून पाहिला होता, आणि भिंगरीचे पास असे हलके, असे नेमके सुटत होते की बाकावरचे लोक पुढे झुकून बसले. ताई वाऱ्यासारखी पळत होती. चाचणीला आलेल्या बाकीच्या पोरींनी मनातल्या मनात बूट काढून ठेवले होते. सगळ्यांना दिसत होतं, आता या दोघींतलीच एक.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. डावी कड आता सुक्या बाजूला गेली. ताईने वाकून गवत पाहिलं. भिंगरीही पाहणारच होती, पण तेवढ्यात सुईने तिला काठावर बोलावलं, जरा मागे खेळ म्हणून सांगितलं, आणि शिट्टी वाजली. आणि लगेच चेंडू तिच्या पायात आला. तिकडे ताई सुटली होती, तोंड मिटून, कारण बोलेल ती घरी जाणार होती. भिंगरीने पास दिला, तोच मघाचा, हलका, ओल्या गवताचा.

चेंडू अर्ध्या वाटेत थकला. ताई भरधाव पुढे गेलेली, ती थांबली, मागे वळली, आणि मागे राहिलेल्या चेंडूकडे डावा पाय लांब करून झेपावली. समोरची बचाव करणारी धिप्पाड पोरगी त्याच चेंडूवर दोन्ही पायांनी आली. गुडघा ज्या दिशेला वळत नाही त्या दिशेला वळला. ताई ओरडली नाही. नियम होता ना.

दुसऱ्या दिवशी सुईने भिंगरीला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीतून दिसणारं तेच मैदान.

"बहीण कशी आहे?"

"ऑपरेशन करावं लागेल म्हणतात."

"हं." सुईने खिडकी लावून घेतली. "एक सांगते. त्या बाकावर आम्ही चौघं होतो. बाकीच्या तिघांना वाटलं, पोरीचा पास चुकला. मला नाही वाटलं. पहिल्या डावात तुझा एक पास चुकला नाही. आणि मग चुकावा तो नेमका तोच? नेमका तिच्याच पायात?"

भिंगरीला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली.

"घाबरू नकोस, तक्रार करत नाहीये मी," सुई म्हणाली. "प्रेमळ पोरी माझ्याकडे ढिगाने आहेत. जीव टाकतात एकमेकींवर, आणि सामना हरून येतात. जागा एक होती, तुम्ही दोघी होतात, मला निवडणं जड जात होतं. तू माझं काम हलकं केलंस. असं काळीज मला मधल्या फळीत हवंय."

मॅडम, ते गवत सुकं होतं. एवढंच वाक्य. ते भिंगरीच्या जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत. पण समोर करार ठेवलेला होता, आणि तिला लख्ख दिसत होतं की हे वाक्य बाहेर पडलं तर ती एकदम साधी पोरगी होणार, गवत न बघता पास देणारी, बहिणीचा गुडघा घालवणारी आणि वर रिकाम्या हाताने घरी जाणारी. ती मूग गिळून बसली. तिने मान खाली घातली. सुईने तो होकार धरला आणि पेनाचं टोपण काढून पुढे केलं.

घरी ताई पाय उशीवर ठेवून पडली होती. बातमी ऐकून तिने भिंगरीचं डोकं ओढून स्वतःच्या खांद्याला लावलं.

"माझंच चुकलं गं," ताई म्हणाली. "मला माहीत होतं तिकडे सुकं आहे. मी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर काय फाशी दिली असती का? पण मला पण जागा हवी होती ना. गप्प बसले."

"तुझं काय चुकलं त्यात?"

"तू सांगितलंस ना मॅडमना? फवारे बंद होते म्हणून? नाहीतर त्यांना वाटायचं, हिला साधा पास देता येत नाही."

"हो, सांगितलं."

"मग काय म्हणाल्या?"

"काही नाही. हं म्हणाल्या."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, एकीचं झालं म्हणजे दोघींचं झालं. ताई हसली. भिंगरी पण हसली.

मग भिंगरी चढत गेली. पहिले काही महिने राखीव बाकावर, मग शेवटची थोडी मिनिटं, मग पूर्ण सामना. तिच्या पायात कसब होतंच, ते कोणाच्या मेहेरबानीने आलेलं नव्हतं. गर्दीच्या मधोमध ती चेंडू घेऊन वळायची आणि एकदम सगळं मैदान मोकळं व्हायचं. बसथांब्यावर तिचं चित्र लागलं. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला जाताना मुद्दाम त्या थांब्यावर उतरायचे आणि पुढचं अंतर चालत जायचे.

पण सुईला तिचं काळीज स्वतःपुरतं ठेवायचं नव्हतं. सामना हरला की कपडे बदलायच्या खोलीत ती सगळ्यांना ऐकवायची. "तुम्हाला गोल हवाय की मैत्रिणी? हिला बघा. हिने सख्ख्या बहिणीला बाजूला केलं आणि इथे आली." पोरी भिंगरीकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. तिच्या शेजारी बसायला कोणी राजी नसे. एकजण तर तोंडावर म्हणाली, "तू पास देतेस की दवाखान्याची चिठ्ठी?" सगळ्या हसल्या. भिंगरीने खुलासा केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तिच्या मुठीत तर काहीच नव्हतं.

फक्त संघाची कप्तान तिच्या बाजूला येऊन बसायची. तिशी ओलांडलेली, गुडघ्यांवर पट्ट्यांची पुटं चढलेली ही बाई, तिला सगळ्या थोरली म्हणत. घोट्याला पट्टी कशी गुंडाळायची ते तिनेच भिंगरीला शिकवलं. एकदा पट्टी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "मला ते खोटं वाटतं. बहिणीला असं कोणी मारत नाही. चुकलं असेल तुझं."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"मग सांगून टाक ना सुईला. किती दिवस न केलेलं पाप वाहणार?"

"बघते," भिंगरी म्हणाली.

तोवर ताईची दोन ऑपरेशनं झाली होती. गुडघा पूर्ण वाकत नव्हता. संघाने उदार मनाने तिला प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या धुलाईखान्यात नोकरी दिली. मोठाली यंत्रं, वाफ, आणि खेळाडूंचे कपडे घ्यायला एक खिडकी. खिडकीवर पाटी होती, मोजे सुलटे करूनच टाकावेत. बाकीच्यांना ताई ती पाटी बोटाने दाखवायची. भिंगरीच्या मोज्यांचा गोळा मात्र ती गुपचूप घ्यायची आणि शिव्या घालत सुलटे करायची.

धुलाईखान्यात सगळं ऐकू येतं. सुईची ती गोष्ट ताईच्याही कानावर गेली. ती सरळ हसली, आणि बायकांशी भांडली. म्हणाली, मॅडमना काय कळतंय, त्या दिवशी माझ्या बाजूचं गवत सुकं होतं, पाय माझा मोडला, मला माहीत असणार की त्यांना? भिंगरीला तिने एवढंच विचारलं, "अगं, तू सांगितलं होतंस ना त्यांना? मग असं का बोलतात?"

"बोलू दे गं. त्यांना पोरींना घाबरवायला गोष्ट लागते."

ताईला पटलं. तिला पटायचंच होतं.

मग थोरलीचे पाय जड झाले. मधली जागा ती आणि भिंगरी जोडीने सांभाळत, आणि सुईला थोरलीच्या जागी आता एक तरणी, धावणारी पोरगी हवी होती. पण थोरली लोकांची लाडकी. तिला बाकावर बसवलं तर प्रेक्षक सुईच्या नावाने ओरडले असते. गरज सरो वैद्य मरो, पण वैद्याने स्वतःहून मरावं, आपल्या हाताला रक्त लागू नये, अशी सुईची इच्छा. तिने भिंगरीला परत त्या खोलीत बोलावलं.

"थोरली दमली आहे," सुई म्हणाली. "पण ती स्वतः थांबणार नाही. मला थांबवता येत नाही."

भिंगरी खिडकीबाहेरच्या मैदानाकडे बघू लागली.

"मी तुला का घेतलं ते तुला माहीत आहे. मला वाटलं होतं, ही वेळ ओळखते. का तेव्हा नुसतं चुकलं होतं तुझं?" ती भिंगरीकडे रोखून बघत राहिली. "चुकलं असेल तर सांग. मग चूक माझी झाली. आणि माझ्या चुका मी दुरुस्त करते. करार संपत आलाय तुझा."

सांगायची ही दुसरी संधी होती, आणि देणारीने स्वतः ताटात वाढून दिली होती. थोरलीने हेच तर सांगितलं होतं, सांगून टाक. भिंगरीला बसथांबा आठवला. चालत जाणारे बाबा आठवले. तिला भीती वाटली, तीच पूर्वीची, दारामागे झोपलेल्या माणसाची.

"नाही," ती म्हणाली. "चुकलं नव्हतं."

सामन्याच्या दिवशी मोठ्या मैदानावर फवारे दोन्ही कडांनी चालले. इथले फवारे बंद पडत नसत. गवत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखं भिजलेलं होतं. ओल्या गवतावर चेंडू पळवणं कोणालाही जमतं. तिथे तो मधेच मारून पाडायचा असेल तर फार मोठं कसब लागतं, आणि ते त्या मैदानावर एकाच पायात होतं.

थोरलीने पुढे धाव घेतली. भिंगरीने तिला पाहिलं, तिच्या अंगावर येणारी समोरच्या संघाची दांडगी पोरगी पाहिली, आणि चेंडू खालून कापला. चेंडू उलटा फिरत गेला आणि दोघींच्या मधे मरून पडला. थोरली थांबली, वळली, झेपावली. स्ट्रेचर आलं तेव्हा भिंगरी जवळ गेली. थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. सुई बाकावर बसून होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, पण तिने भिंगरीकडे बघून मान डोलावली. नवा करार तयारच होता.

दुसऱ्या दिवशी भिंगरी कपड्यांची पिशवी घेऊन खाली गेली. खिडकीशी ताई टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"थोरलीचं काय?"

"घोटा. परत खेळता येणार नाही म्हणतात."

"हं," ताई म्हणाली.

"ताई, चेंडू अडकला गं. गवत..."

"ओलं होतं." ताईने घडी दाबून बसवली. "सगळं. टॉवेल ठेवायला वर गेले होते तेव्हा हात लावून पाहिलं. जुनी सवय. मग तिथेच, तुम्ही मैदानात येता त्या बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिले, म्हटलं बघावा तुझा खेळ. तू कापलास तो. कंपाउंडरच्या दारापुढे कापायचीस ना, तसा."

यंत्रं घरघरत होती. भिंगरीला त्यांचा आधार वाटला, कारण ती थांबली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

"मी इथे सगळ्यांशी भांडले," ताई म्हणाली. "मला वाटायचं, मी ओरडले नाही म्हणून झालं. इतकी वर्षं मलाच दोष देत बसले."

"ताई, तेव्हा खरंच चुकलं माझं. गवत खरंच सुकं होतं. तुझी शपथ."

"सुकं होतंच. पण पास कसा मारलास ते मी कुठे पाहिलं? मी पाठमोरी होते. तू म्हणालीस म्हणून मी धरून चालले." ताईने पुढचा टॉवेल ओढला. "मॅडमना तू सांगितलं होतंस ना?"

या प्रश्नाला भिंगरीने पूर्वी हो म्हटलं होतं. आता तिला तेवढंही जमेना.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, अशी आपल्याकडे म्हण आहे. भिंगरीच्या बाबतीत ओल्याने सुकं जाळलं. तिच्याकडे एकच खरी गोष्ट होती, की बहिणीला तिने मुद्दाम मोडलं नव्हतं. ती गोष्ट खरी मानणाऱ्या जगात दोघीच जणी होत्या, आणि त्यातली एक काल स्ट्रेचरवरून गेली होती.

मागे दुसऱ्या खेळाडू येऊन रांगेत उभ्या राहिल्या. ताईने भिंगरीची पिशवी उघडली, आतून मोज्यांचा उलटा गोळा काढला, तो खिडकीच्या फळीवर ठेवला आणि बोटाने बाहेर सरकवला.

"मॅडम," ताई म्हणाली, "मोजे सुलटे करून द्या. पाटी लावलीये समोर."

भिंगरी रांगेतून बाजूला झाली आणि मोजे सुलटे करू लागली. तिला पटकन जमत नव्हतं, सवय नव्हती. मागच्या पोरीने तिला ओलांडून आपली पिशवी पुढे केली.